पान तपकिरी का पडतं? घरातल्या कुंडीच्या निमित्ताने थोडा कार्यकारणविचार



आजचा विषय बाहेरच्या फलकावर वाचून दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं, की जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने कुंड्यांवर काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर असं, की वर्गात आम्ही ज्या एका गोष्टीवर सर्वांत जास्त बोललो ती गोष्ट म्हणजे कारण. अमुक झालं ते कशामुळे झालं, आणि ते त्यामुळेच झालं असं आपण कशावरून म्हणतो? या प्रश्नाचा सराव करायला घरातल्या कुंडीइतकी स्वस्त प्रयोगशाळा मिळणार नाही. आणि दुसरं म्हणजे, इथे बसलेल्या निम्म्या लोकांच्या घरी या घडीला कुठल्या तरी झाडाचं पान तपकिरी पडलेलं असणार. (हशा)

तर सुरुवात तिथूनच करू. पानाचं टोक तपकिरी दिसलं की आपण पहिल्यांदा काय करतो? झारी उचलतो. बिचाऱ्याला पाणी कमी पडलं, असं म्हणतो. चार दिवसांनी दुसरं पान तसंच होतं. मग आणखी पाणी. मग कुणीतरी सांगतं, चहाचा चोथा घाला, ताक घाला, खत घाला. तेही होतं. महिनाभरात झाड जातं आणि आपण म्हणतो, आमच्या हाताला झाडं लागत नाहीत. इतकं सगळं प्रेमाने केलेलं असतं. म्हणूनच यात नेमकं काय घडलं ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

आधी पान म्हणजे काय ते पाहू. मूळ पाणी ओढतं, ते खोडातल्या बारीक नळ्यांमधून वर चढतं, आणि पानाच्या खालच्या बाजूला असलेल्या सूक्ष्म छिद्रांतून त्याची वाफ होऊन ते हवेत जातं. झाड जेवढं पाणी पितं त्यातलं 95 टक्क्यांहून अधिक असंच उडून जातं. ही वाफच खालचं पाणी वर ओढते. आता या नळ्या पानात कुठे संपतात? टोकाशी आणि कडेला. म्हणजे गावच्या पाटबंधाऱ्यासारखं आहे हे. पाणी कमी पडलं तर सर्वांत आधी कोरडा पडतो तो टोकाचा शेतकरी. आणि पाण्यात क्षार असतील तर पाणी उडून जातं, क्षार मात्र टोकाला साचत राहतात. म्हणजे टोकाचा शेतकरी दोन्हीकडून मार खातो. पानाचं टोक आणि कड आधी का करपते, याचं उत्तर इथे आहे.

मग तो तपकिरी रंग कुठून येतो? वांगं चिरून तसंच ठेवलं तर काय होतं? काळं पडतं. म्हणून आपण फोडी पाण्यात टाकतो. वांग्याच्या पेशीत काही द्रव्यं एका कप्प्यात असतात आणि त्यांच्यावर काम करणारं विकर दुसऱ्या कप्प्यात असतं. सुरी लागली की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात, हवेतला प्राणवायू मिळतो आणि तपकिरी रंग तयार होतो. पानात पेशी मरते तेव्हाही असंच घडतं, आणि हिरवं द्रव्य नाहीसं झाल्यामुळे ते उघडं दिसतं. म्हणजे तपकिरी रंग हा आजार नव्हे. तिथल्या पेशी मेल्या, एवढीच बातमी तो देतो. त्या कशाने मेल्या, हे तो सांगत नाही.

यातून एक फार उपयोगाची गोष्ट निघते. आपल्या कातडीला खरचटलं तर ती भरून येते. पानाचं तसं नाही. तपकिरी झालेला भाग पुन्हा हिरवा होत नाही, काहीही केलं तरी होत नाही. तेव्हा उपाय लागू पडला की नाही हे त्या पानाकडे बघून कळणारच नाही. नवीन येणारं पान कसं आहे ते पाहायचं. अनेक जण योग्य उपाय करतात, आठ दिवसांनी जुनं पान तसंच तपकिरी पाहून निराश होतात आणि उपाय बदलतात. तिथे घोटाळा होतो.

आता थोडं तर्कशास्त्र. घाबरू नका, थोडंच आहे.

आपल्याकडच्या न्यायशास्त्रात अनुमानाचं प्रसिद्ध उदाहरण आहे, डोंगरावर धूर दिसतोय म्हणजे तिथे आग आहे. हे अनुमान बरोबर, कारण आगीवाचून धूर निघत नाही. पण हेच उलटं करून पाहा. आग आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असं म्हणता येईल का? नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धूर यायला ओलं लाकूड लागतं. ज्या खुणेवरून आपण निष्कर्ष काढतो ती खूण निष्कर्ष नसलेल्या ठिकाणीही सापडत असेल, तर नैयायिक तिला सव्यभिचार हेतू म्हणतात. सोप्या भाषेत, ही खूण एका घरी प्रामाणिक राहत नाही. तपकिरी पान ही तशी खूण आहे. तहानेच्या घरी ती सापडते, आणि पाण्यात बुडालेल्या झाडाच्या घरीही सापडते.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल याने 1843 साली तर्कशास्त्रावरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने हाच मुद्दा वेगळ्या तऱ्हेने मांडला, की एकाच कार्याची निरनिराळी कारणं असू शकतात. मग त्यातलं आपल्यासमोरचं कारण कुठलं, हे ओळखायचं कसं? त्यासाठी खुणेचा तपशील वाढवावा लागतो. 'पान तपकिरी झालं' एवढ्यावर थांबायचं नाही. कुठलं पान, पानाचा कुठला भाग, हाताला कसं लागतं, आणि मातीत काय चाललंय, हे चार प्रश्न विचारायचे. आपण एकेक घेऊ.

पहिली शक्यता, खरीच तहान. टोक आणि कड तपकिरी, हाताला कुरकुरीत, चुरगाळलं तर पापडासारखं मोडतं. माती कोरडी, कुंडी उचलली तर हलकी. इथे एक गंमत आहे. आपल्याकडच्या नर्सरीतून येणारं झाड बऱ्याचदा लाल मातीच्या घट्ट गोळ्यात असतं. तो गोळा एकदा पुरता वाळला की आकसतो, आणि कुंडीच्या कडेला फट पडते. आपण वरून पाणी घालतो, ते फटीतून थेट खाली ताटलीत येतं. आपल्याला वाटतं भरपूर झालं, आणि गोळा आत कोरडा ठणठणीत. अशा वेळी कुंडी बादलीत ठेवायची, पाणी कुंडीच्या काठाच्या जरा वर येऊ द्यायचं, आणि बुडबुडे थांबेपर्यंत राहू द्यायचं. मग काढून निथळायची. पुढे कुंडी बदलताना तो गोळा हलक्या हाताने मोकळा करून कोकोपीट आणि गांडूळखत मिसळलेल्या मातीत लावायचा.

दुसरी शक्यता, जास्त पाणी. घरात झाडं मरतात ती जास्त करून याने. मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते, तिच्यातून प्राणवायू मुळांना मिळतो. त्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या तर काय होतं? प्राणवायू पाण्यातून हवेच्या तुलनेत साधारण 10,000 पटीने हळू सरकतो. मुळं गुदमरतात, मग बुरशीसारखे सूक्ष्मजीव त्यांना कुजवतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. आता पाहा, माती चिंब ओली आणि पान मात्र तहानलेलं. आपण पानाकडे पाहून झारी उचलतो. म्हणजे बुडणाऱ्याला आणखी पाणी पाजतो. इथली खूण अशी, की पान बरेचदा आधी पिवळं पडतं, तपकिरी भाग मऊ आणि गडद असतो, देठाचा बुडखा पिचपिचीत लागतो, आणि मातीला कुबट वास येतो. निरोगी मूळ पांढुरकं आणि टणक असतं. कुजलेलं काळपट असतं आणि चिमटीत धरून ओढलं तर साल निघून येते. अशी मुळं कात्रीने कापून टाकायची, नव्या मोकळ्या मातीत झाड लावायचं, कुंडी लहानच घ्यायची आणि ताटलीत पाणी साचू द्यायचं नाही.

याच अनुषंगाने एक समजूत. कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर दिला की निचरा चांगला होतो, असं आपण सगळे मानतो. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खड्यांत सहजासहजी उतरत नाही. माती गच्च भिजेपर्यंत ते वरच अडून राहतं. म्हणजे ओलीचा पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एखादं खापर ठेवा, माती वाहून जाऊ नये म्हणून. थर नको.

तिसरी शक्यता क्षारांची. टोक तपकिरी, त्याला लागून बारीक पिवळी रेघ, बाकी पान ठीक. मातीवर किंवा मातीच्या कुंडीच्या बाहेर पांढरट पापुद्रा. हे बोअरच्या जड पाण्याने होतं, खत जास्त झाल्याने होतं. अरेका पाम, पीस लिली, स्पायडर प्लांट, ड्रेसिना यांच्यावर ते चटकन दिसतं. स्पायडर प्लांट आणि ड्रेसिना यांना पाण्यातलं फ्लोराईडही सोसत नाही. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर या भागांतल्या भूजलात फ्लोराईड आढळतं, तिथल्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं. सुपर फॉस्फेट खतातही ते असतं, म्हणून या झाडांना ते घालू नये. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की सगळं उडून जातं अशी समजूत आहे. क्लोरीन बहुतेक उडतं, पण क्षार आणि फ्लोराईड कुठेही जात नाहीत. उपाय साधा आहे. दोन-तीन महिन्यांतून एकदा कुंडी न्हाणीघरात न्यायची आणि कुंडीच्या दुप्पट तरी पाणी सावकाश वरून ओतून खालून वाहू द्यायचं. शक्य असेल तर पावसाचं साठवलेलं पाणी वापरायचं. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच.

चौथी शक्यता ऊन आणि हवा. घरातल्या सावलीत वाढलेलं झाड आपण एक दिवस उचलून थेट दुपारच्या उन्हात ठेवतो. दोन दिवसांत पानाच्या मधोमध पांढरट, मग तपकिरी डाग पडतात, आणि तेही उन्हाकडे तोंड असलेल्या भागावरच. ही भाजल्याची खूण. झाडाला ऊन हवं असेल तर आठ-दहा दिवसांत हळूहळू सवय लावायची. कोरड्या हवेचंही तसंच. एप्रिल-मे महिन्यात पुण्याची, नागपूरची दुपार आठवा. एसीच्या थेट झोतात ठेवलेली कुंडी आठवा. पानातून पाणी इतक्या वेगाने उडतं की मूळ धड असूनही पुरवठा अपुरा पडतो. कॅलेथियासारखी दमट जंगलातली झाडं यात आधी करपतात. पानांवर फवारा मारून फार काही साधत नाही, ती ओल काही मिनिटांत जाते. चार-पाच कुंड्या एकत्र ठेवल्या, झोताच्या आड ठेवल्या, तर उपयोग होतो.

पाचवी, कीड आणि रोग. पान उलटं करून पाहायची सवय लावून घ्या. बारीक पिवळे ठिपके, मागच्या बाजूला कोळ्याचं नाजूक जाळं, तर तो लाल कोळी. कोरड्या उष्ण हवेत तो फोफावतो. पानं मागून-पुढून पाण्याने धुतली तर बराचसा जातो, उरलेल्यासाठी कडुनिंबाच्या तेलाची फवारणी. पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसला तर पिठ्या ढेकूण. आणि सुटे गोल तपकिरी डाग, भोवती पिवळं वलय, असं असेल तर बुरशी किंवा जिवाणू. ती पानं काढून टाकायची आणि पाणी पानांवर न ओतता मातीत घालायचं.

आणि सहावी शक्यता, जिची आपण कधी गणतीच करत नाही. काहीही झालेलं नाही. सर्वांत खालचं, सर्वांत जुनं पान पिवळं होतं, मग तपकिरी, आणि गळतं. झाड त्या पानातलं नत्र वगैरे काढून घेऊन नव्या पानाला देतं. वाडवडिलांनी घर मुलांच्या नावावर करावं तसं. (हशा) इथे कुठलाही उपाय करायचा नसतो. मात्र खालची अनेक पानं एकदम जाऊ लागली, तर मुळांकडे किंवा अन्नाकडे बघावं. पोटॅशियम कमी पडलं तर जुन्या पानांच्या कडा करपतात, कारण झाड ते जुन्यातून नव्याकडे हलवू शकतं. कॅल्शियम तसं हलवता येत नाही, म्हणून त्याची उणीव कोवळ्या पानात दिसते. जुनं की नवं, हा प्रश्न आम्ही आधी का विचारायला सांगितला ते आता लक्षात आलं असेल.

आता उपाय करताना एक पथ्य. एका वेळी एकच गोष्ट बदला. आपण काय करतो, जागा बदलतो, कुंडी बदलतो, खत घालतो आणि पाणी कमी करतो, सगळं एकाच रविवारी. झाड सुधारलं तरी कशाने सुधारलं ते कळत नाही, आणि बिघडलं तरी कळत नाही. मिलने व्यतिरेकाची जी रीत सांगितली ती हीच. बाकी सगळं सारखं ठेवा, एकच गोष्ट वेगळी करा, आणि फरक पडतो का ते पाहा. त्यानंतर नवीन पान येईपर्यंत तीन-चार आठवडे थांबा. मुळं कुजलेली असतील तेव्हा मात्र थांबू नका, तिथे लगेच हात घालावा लागतो. अर्ध्याहून जास्त हिरवं असलेलं पान काढू नका, ते अजून अन्न तयार करतंय. नुसतं टोक वाईट दिसत असेल तर कात्रीने कापा, पण तपकिरी रेघ थोडी राहू द्या. जिवंत भागाला कात्री लागली की तिथे पुन्हा नवी कड वाळते.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली वाचतो. "आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी आम्ही कुंड्यांना घालतो. चालेल का?" पाणी वाचवायची तुमची बुद्धी चांगली आहे. पण ते यंत्र करतं काय? क्षार काढून एका नळीतून गोड पाणी देतं, आणि काढलेले क्षार दुसऱ्या नळीतून बाहेर टाकतं. म्हणजे ते पाणी मूळ नळाच्या पाण्यापेक्षा जास्त क्षारयुक्त असतं. रोज तेच घातलं तर आपण वर पाहिलेली तिसरी शक्यता आपणच ओढवून घेतो. ते फरशी पुसायला, संडासात वापरा. कुंडीला नको.

दुसरी चिठ्ठी. ही एका भगिनीची आहे. "आमच्या बाल्कनीतली तुळस दर वर्षी थंडीत जळते. जळली की सासूबाई आम्हाला आणि माझ्या मुलीला विचारतात, की त्या चार दिवसांत कुणी हात लावला होता का. मुलगी चौदा वर्षांची आहे. तिला काय सांगू?"

ही चिठ्ठी पाठवल्याबद्दल आम्ही ताईंचे आभार मानतो. आजच्या व्याख्यानाचं खरं काम इथे आहे, म्हणून जरा सावकाश बोलतो.

तुळस थंडीत का जाते? तिला रोज पाच-सहा तास ऊन लागतं, आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलल्यामुळे काही बाल्कन्यांत तेवढं ऊन येत नाही. तिला थंडी सोसत नाही, आणि पुण्या-नाशकाला डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 10 अंशांच्या आसपास किंवा त्याखालीही जातो. कार्तिकात तुळशीचं लग्न लागतं त्या सुमारास ती मंजिऱ्यांनी भरलेली असते. बी धरायला तिची बरीच शक्ती जाते, आणि मंजिऱ्या न खुडल्या तर ती लवकर म्हातारी होते. आणि थंडीत पाणी कमी लागत असताना आपण मात्र रोज सकाळी आंघोळ झाली की भरला तांब्या ओततो, भक्तीने. मूळ कुजायला एवढं पुरतं. चार कारणं झाली, आणि चारही तपासून पाहता येतात.

आता त्या दुसऱ्या कारणाकडे पाहू. तुळस एका रात्रीत वाळत नाही. मूळ बिघडल्यापासून पानं करपेपर्यंत दोन-तीन आठवडे सहज जातात. मग करपलेली दिसल्यावर आपण मागे वळून बघतो, की गेल्या महिन्यात काय घडलं. ज्या घरात सून आहे आणि वयात आलेली मुलगी आहे, त्या घरात गेल्या महिन्यात ते चार दिवस सापडणार की नाही? सापडणारच. तुळस जळली तरी सापडणार आणि हिरवीगार राहिली तरी सापडणार. जी गोष्ट दोन्ही वेळा हजर असते तिला एका वेळचं कारण म्हणता येत नाही. तुळस टवटवीत असते त्या महिन्यांत हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून ही चूक लक्षात येत नाही, एवढंच. मघाचा सव्यभिचार हेतू तो हाच. फरक एवढा, की मघाशी आपल्या चुकीच्या अनुमानाने एक मनी प्लांट गेला असता. इथे चौदा वर्षांच्या मुलीला वाटतं की आपल्या हातात काहीतरी विषारी आहे. ही किंमत फार मोठी आहे.

सासूबाईंशी भांडू नका. त्यांनाही त्यांच्या लहानपणी कुणीतरी हाच प्रश्न विचारलेला असणार. त्यापेक्षा पुढच्या वर्षी दसऱ्याला एकाच नर्सरीतून सारख्या दोन तुळशी आणा, सारख्या कुंड्यांत लावा, शेजारी शेजारी ठेवा. मंजिऱ्या दोन्हींच्या खुडा, पाणी दोन्हींना वरची माती बोटभर वाळल्यावरच. एकीला महिन्यातले तीसही दिवस मुलीने पाणी घालायचं, दुसरीला आजीने. संक्रांतीपर्यंत आजी आणि नात दोघींनी रोज दोन्ही पाहायच्या आणि वहीत लिहायचं. एखादी दुसरीपेक्षा थोडी डावी निघाली तर लगेच निकाल लावू नका, जागा अदलाबदल करून पुढच्या वर्षी पुन्हा करा. मुलीला काय सांगू, असं तुम्ही विचारलंत. तिला सांगा, की झाड तुला हात लावला म्हणून मरत नाही, आणि हे आई म्हणते म्हणून मानू नकोस, करून पाहा.

वेळ झाली असं संयोजक खुणावताहेत. तेव्हा उद्या सकाळी झारी उचलण्याआधी एवढं करा. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर झारी खाली ठेवा, पान उलटं करून बघा, आणि मग ठरवा.